बारावी पास

नीलमने पिशवीचं तोंड दुमडून शिलाईच्या मशीनखाली सरकवलं आणि दुसरी पुढे ओढली. तिची बोटं गुलाबी झाली होती. सोयाबीनच्या बियाण्याला चोळतात त्या औषधाचा हा रंग साबणाने जात नाही, भाकरी थापतानाही दिसतो. पेडगावला घरी आई चिडवायची, कंपनीत मेंदी लावत बसतीस का गं? नीलम हसायची आणि 'कंपनी' हा शब्द तसाच राहू द्यायची.

जिंतूर रस्त्यावरच्या या बियाण्याच्या शेडमध्ये गेल्या हंगामात साठ माणसं होती, औंदा दीडशे घेतली. काम वाढलं हे खरंच, पण ते पिशव्या भरण्याचं, शिवण्याचं आणि उचलण्याचं. सुपरवायझर हरिओम अर्जावर एकच गोष्ट बघायचा. बारावीच्या वर काही दिसलं की कागद परत.

"शिकलेले टिकत न्हाईत," तो म्हणायचा. "चार दिवसांत कोणती तरी परीक्षा निघती आन् मशीन रिकामी पडती."

मागच्या आठवड्यात शेजारच्या मशीनवरच्या प्रियांकाची पदवी त्याला कळली. तिला दुपारच्या डब्यालासुद्धा थांबू दिलं नाही.

नीलम बारावी पास होतीच, त्यात खोटं काही नव्हतं. पुढची सहा वर्षं तिने अर्जात लिहिली नव्हती, इतकंच. कृषी विद्यापीठाची वनस्पती रोगशास्त्रातली एम.एस्सी. ट्रंकेत कपड्यांखाली होती. वडिलांचा पाय मोडल्यापासून घरात तिचाच पगार येत होता, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीनच्या सुमारास औषध मिसळायच्या ड्रमपाशी किंकाळी उठली. झाडलोट करणारी कडूबाई फळीखाली वाकली होती आणि वरचा उघडा डबा कलंडून औषध थेट तिच्या तोंडावर आलं होतं.

"माय गं, जळायलंय! डोळे गेले माझे!"

पदराने डोळे चोळत ती खाली बसली. हरिओम धावत आला. त्याने डबा उचलून उलटसुलट केला. वरचा मजकूर इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत.

"दूध आणा रे! डोळ्यात दूध घाला. जा, हाटेलातनं आणा पळत!"

कुणीतरी रस्त्यापलीकडे पळालं. नीलमचे हात पिशवीवर थांबले. दूध नव्हे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण तिला प्रियांका आठवली. दुसरं कुणी बोलेल म्हणून ती क्षणभर गप्प राहिली, आणि त्या क्षणाची तिला पुढे फार लाज वाटली. कडूबाईने पुन्हा पदर डोळ्यांकडे नेला.

"दूध नको!" नीलम ओरडली.

तिचा शब्द संपायच्या आत चारी बाजूंनी आवाज उठले.

"चोळू नका, मावशी!"

"पाणी, नुसतं स्वच्छ पाणी! पंधरा मिनिटं!"

"पापणी उघडी धरा. धार नाकाकडनं बाहेर सोडा, न्हाईतर दुसऱ्या डोळ्यात जातंय."

"बुरशीनाशक हाय ते. डबा दवाखान्यात संगं न्या, डॉक्टरला नाव लागतंय."

सगळ्या मशीनी थांबल्या होत्या. नीलमने मान वळवली. वजनकाट्यावरचा नागेश, चिठ्ठ्या चिकटवणारी माधवी, पोती उचलणारा रामहरी, मागच्या रांगेतल्या तिघी. दोन महिने जवळ बसून भाकरी खाल्लेली ही माणसं चोरी पकडल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. आपण इथे चार दिवसांच्या पाहुण्या, बाकीच्यांचं हेच काम, असं ती रोज स्वतःला समजावत आली होती.

माधवीने पाण्याचा जग आणला. नीलमने कडूबाईचं डोकं मांडीवर घेतलं, पापणी धरली आणि धार सोडली.

"बारावीला आजकाल हे बी शिकवतेत का?" हरिओमने विचारलं.

त्याने शेडभर नजर फिरवली. किती मशीनी रिकाम्या पडतील याचा तो अंदाज घेत असावा.

"मी काय ऐकलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "लागा कामाला. मी गाडी बघतो."

तीन जग संपले तेव्हा कडूबाईचे डोळे उघडले. लालबुंद होते. नीलमने चौथा जग घेतला.

"दिसतंय का, मावशी?"

"दिसायलंय. धुरकट." तिने नीलमचं मनगट घट्ट धरलं. "डोळे मिटले व्हते, कान न्हाई. तुमी सगळे शेतीच्या इद्यापीठात शिकलेले?"

नीलमने होकारार्थी मान डोलावली.

"आमची राजेश्री औंदा तिथंच लागलीय. पहिल्या वर्षाला." कडूबाईने नीलमचं मनगट सोडलं. "तिच्यासाठीच मी हितं झाडू मारायले."

नीलमच्या हातातली धार कडूबाईच्या कानावरून वाहायला लागली. तिने जग सरळ केला.

"सुट्टीला ती मला भेटाया येती हितं," कडूबाई हळूच म्हणाली. "तवा असलं काई बोलू नगस, माय. ह्या सगळ्यांना बी सांग. शिकण्यातनं तिचं मन उडंल."

"नाही बोलणार, मावशी," नीलम म्हणाली आणि तिची दुसरी पापणी उघडून धरली.