लाउंजच्या दारातले निळे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने निळे क्रेडिट कार्ड आहे. माझी मुदत कधीच संपली. आता बुलढाण्यातल्या एका घरात, बटणांच्या डब्यात माझा मुक्काम असतो.

माझे मालक नीळकंठराव तहसील कचेरीत कारकून होते. बँकेने मला सर्वांत खालच्या दर्जाचे बनवले आणि चाळीस हजारांची मर्यादा दिली. नीळकंठराव मला जपून वापरत, बिल मुदतीआधी भरत. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई दर लक्ष्मीपूजनाला मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहत. तो मान आठवला की आजही भरून येते.

चार वर्षांनी बँकेने माझी मर्यादा दोन लाख केली. मर्यादा वाढली म्हणजे सवलतीही वाढल्या, असे नीळकंठराव धरूनच चालले. बायकोने जन्मभर दुसऱ्यांना वाढले. आता मुलीकडे बंगळूरला जाताना विमानतळावरच्या लाउंजमध्ये तिला कोणीतरी मानाने वाढावे, एवढीच त्यांची हौस होती.

"कार्डावर फुकट जेवाले भेटते तिथं," असे ते गल्लीभर सांगत सुटले.

लाउंजच्या दारात यंत्राने मला नाकारले. नीळकंठरावांनी मला सदऱ्याला पुसून पुन्हा दिले. पुन्हा नकार. मागे रांग लागली होती. ते बायकोवर डाफरले, "तुह्या कुंकवानंच बिघडलं हे. काऊन लावत होती त्याले?"

शकुंतलाबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. माझा जीव तुटला, पण मला कुठे बोलता येते?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, कार्ड चांगलं आहे. मर्यादा म्हणजे किती खर्च करता येतो ते. लाउंज मिळतं कार्डाच्या दर्जावर. वरच्या कार्डांची मर्यादा बहुतेक जास्त असते, पण नुसती मर्यादा वाढून दर्जा वाढत नाही."

दोघे बाहेरच्या खुर्च्यांवर येऊन बसले.

"चुकलं माहं," नीळकंठराव म्हणाले. "चारचौघांत बोललो तुले."

"मी कधी मांगतलं होतं लाउंज?" म्हणत शकुंतलाबाईंनी शिदोरीच्या डब्याला हात घातला. नीळकंठरावांनी तो डबा आपल्याकडे ओढला.

"तू बस. आज मी वाढतो."

त्यांनी झाकणात दोन धपाटे आणि ठेचा वाढून ते आधी बायकोपुढे धरले. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. शकुंतलाबाई सावकाश जेवल्या आणि त्यांनी आणखी एक धपाटा मागून घेतला.

मित्रांनो, कार्ड घेताना मर्यादेबरोबर त्याचा दर्जाही विचारून घ्या. आणि आपल्या माणसाला मानाने वाढायचे असेल, तर ते काम आम्हा कार्डांवर सोपवू नका.