भावाएवढी गाडी

यशवंत मगदूमांच्या गाडीला कुणी भाव सांगितला की गाडी तेवढीच उरायची. पहिल्यांदा हे घडलं ते सांगलीत, त्यांच्या स्वतःच्या फाटकाशी. शेजारचे वडगावे चहाचा कप हातात घेऊनच बाहेर आले, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, विजेवरच्या जुन्या गाडीला कोण विचारतंय, निम्म्या किमतीला गेली तरी देव पावला म्हणायचं. वडगावे आत गेले आणि गाडी निम्मी झाली. चाकं निम्मी, डिकी निम्मी आणि पुढच्या सीटवर बसलेल्या यशवंतरावांच्या पत्नी सुवर्णाबाईही निम्म्या.

सुवर्णाबाई गाडीत बसल्या होत्या त्याला कारण होतं. यशवंतरावांना नवं मॉडेल हवं होतं, एका चार्जिंगमध्ये जास्त लांब पळणारं. सुवर्णाबाईंना नको होतं. त्यांना जन्मभर गाडी लागायची. मिरजेला माहेरी जायचं, तरी नाकाशी लिंबू धरून जायच्या. या गाडीत ना वास, ना घरघर. ती आल्यापासून त्या बदामीला जाऊन आल्या, गोकर्णला जाऊन आल्या, पोटातलं पाणी हललं नाही. विकायची तर विका, पण हिचा योग्य भाव कुणीतरी सांगेपर्यंत मी उतरणार नाही, असं म्हणून त्यांनी पट्टा लावला होता.

यशवंतरावांनी वाकून काचेवर टकटक केली आणि आता पुरे, उतर म्हणाले.

"आहे या मापाची उतरले तर याच मापाची राहीन," सुवर्णाबाई म्हणाल्या. "आधी भाव आणा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हेच तर त्रासाचं होतं. यशवंतरावांनी स्वतः मोठ्या आवाजात चांगला दणदणीत भाव सांगून पाहिला. गाडी तसूभरही वाढली नाही. मालकाच्या भावाला जगात कुठेच किंमत नसते, तशी तिथेही नव्हती.

मग त्यांनी गाडी ढकलत शोरूमला नेली. तिथल्या बाईंनी हसून स्वागत केलं, पाणी दिलं आणि गाडीला एक वायर जोडली. बॅटरीची तब्येत बरी आहे, म्हणाल्या, पण नवं मॉडेल आलंय ना, सर. यशवंतराव त्यांना थांबवणार तोच बाईंनी आकडा सांगून टाकला. सगळं इतकं गोड बोलण्यात झालं की रागही धड येईना. गाडी शिवणयंत्राएवढी झाली. यशवंतरावांनी ती उचलून छातीशी धरली. आतून सुवर्णाबाई म्हणाल्या की काच खाली होईना आणि तुमच्या शर्टाला घामाचा वास येतोय.

आता यशवंतरावांना एका जागी उभंही राहवेना. ज्याच्या तोंडाकडे बघावं ते तोंड भाव सांगायच्या तयारीत दिसत होतं. सहा आसनी रिक्षात ते गाडी मांडीवर घेऊन बसले, तर शेजारचा माणूस प्रेमाने चौकशी करू लागला. बॅटरी बदलायला लागते म्हणे यांची, तो म्हणाला, आमच्या साडूनं तर शेवटी फुक... यशवंतरावांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या माणसानंही काही वाईट वाटून घेतलं नाही. उतरेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

ते उतरले ते जनावरांच्या जुन्या बाजारात. आता तिथे बैलांऐवजी विजेच्या गाड्या खुंट्यांना बांधलेल्या होत्या, चार्जिंगच्या वायरीनंच. गिऱ्हाइकं बॉनेट उघडून दात बघत होती. बाजाराचा दलाल बाळगोंडा आवटी, खांद्यावर टॉवेल टाकलेला धिप्पाड माणूस, पुढे आला आणि काही न बोलता त्यानं टॉवेल पसरून यशवंतरावांचा हात त्याखाली घेतला.

यशवंतरावांना भरून आलं. त्यांचे वडील बैलं विकायचे ती याच रीतीनं. कापडाखाली बोटं दाबून भाव करायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही आणि तोंडानं कुणी काही बोलत नाही. आज दिवसभरात न बोलणारा माणूस त्यांना हा पहिलाच भेटत होता. त्यांनी गाडी जमिनीवर ठेवली.

बाळगोंडानं एक बोट दाबलं. यशवंतरावांनी नकारार्थी मान हलवली. त्यानं दुसरं धरलं, आणि गाडी गुडघ्याला लागली. मग तिसरं, मग सगळा पंजा. गाडी कमरेएवढी झाली, खांद्याएवढी झाली, खुंटी तिच्या धक्क्यानं वाकली. काचेपलीकडे सुवर्णाबाईंचा चेहरा पूर्वीच्या मापाचा झाला, कपाळावरचा तीळ पुन्हा दिसू लागला. भाव योग्य होता. बाळगोंडा हात धरून वाट बघत होता. सुवर्णाबाईंनी पट्टा काढला, दार उघडलं आणि एक पाय खाली ठेवला.

तेव्हा यशवंतरावांच्या मनात आलं की हा इतक्या सहज इथवर आला, म्हणजे अजून थोडा येईल.

त्यांनी बाळगोंडाचं आणखी एक बोट दाबलं. बाळगोंडा जागचा हलला नाही. मग यशवंतरावांनी, वडील करायचे तसंच, झटक्यानं हात सोडवून घेतला आणि ते बाजाराच्या फाटकाकडे चालू लागले. असं चालू लागलं की गिऱ्हाईक मागून हाक मारतं. फक्त वळून बघायचं नसतं. वळलं की गरज कुणाची आहे ते समोरच्याला कळतं.

"ऱ्हायलं मग," मागे बाळगोंडा म्हणाला आणि टॉवेल झटकल्याचा आवाज आला.

ही हाक नव्हती, पण हाकेच्या आधी असं म्हणायची पद्धत असते. यशवंतराव चालत राहिले. ऊन मागून येत होतं. गाडीची सावली त्यांच्या पुढे फाटकापर्यंत पसरली होती.

"अहो," सुवर्णाबाई म्हणाल्या. "एक पाय बाहेर आहे माझा."

सावली फाटकापासून मागे सरकली. त्यांच्या पायांखालून गेली. आता पुढे फक्त त्यांची एकट्याची सावली होती.

"अहो."

आवाज डब्यातून यावा तसा आला. यशवंतरावांच्या मानेवर घाम फुटला होता. बाळगोंडाला हाक मारायला सवड मिळावी म्हणून त्यांनी पावलं आणखी हळू केली.