शेजारचं बेसन

लीलाबाईचा एक नेम होता. दिवेलागणीला नेरच्या लेकीला फोन लावायचा आणि पहिलाच प्रश्न विचारायचा, "काय भाजी केली वो?" तब्येत, पाऊस, जावई, सगळं त्यानंतर. महागावजवळच्या तिच्या गावात रेंज फक्त गोठ्याच्या कुडापाशी यायची. त्यामुळे उज्ज्वलानं नेरात वांग्याला फोडणी दिली की इकडे म्हशीलाही कळायचं. अंबाडीची भाजी असली की म्हैस त्या दिवशी दूध जास्त द्यायची, असं शेजारी अजून सांगतात. म्हैस आता नाही, तेव्हा विचारणार कोणाला?

त्या संध्याकाळी उज्ज्वलाचा आवाज दबलेला होता.

"काही नाई केली माय. बेबीताईनं बेसन-भाकर आणून देल्ली. तेच खाल्लं."

"शेजारच्या बेबीताईनं? काहून?"

"कालपासून चूल नाई पेटवली. सैपाकघरात कोणी जाऊनच नाई राह्यलं. ते..." उज्ज्वला थांबली. "आता दिवे लागले माय, नाव नाई घेत. उद्या दुपारी सांगतो."

फोन कटला. पुन्हा लावला तर बंद.

लीलाबाई कुडाला धरून खाली बसली. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी बेसन-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी आणतात, कडू घास म्हणून. तो गिळायचा असतो, चव सांगायची नसते. लीलाबाईनं स्वतः गावात कितीतरी घरी असं बेसनाचं पातेलं पदराखाली झाकून नेलं होतं. आणि नुकत्या गेलेल्याचं नाव दिवेलागणीला घेतं कोण?

तिचे यजमान किसनराव जेवायला बसले होते. ऐकून त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"कोणी गेलं असतं तं निरोप आला असता," ते म्हणाले.

"मंग हा निरोपच व्हय ना."

"रडली काय ते?"

"रडू संपलं असन."

लीलाबाईच्या डोक्यात एकेक चेहरा येऊ लागला. उज्ज्वला बोलली, म्हणजे ती आहे. उरले तिघं: जावई प्रफुल्ल, त्याचे वडील नानाजी आणि पाच वर्षांची खुशी. तिनं देवाला हात जोडले आणि मनातल्या मनात नानाजींचं नाव पुढे केलं. ऐंशी गाठलेला माणूस, दात एकही नाही, भोगून झालेलं. लगेच तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. पण नाव मागे काही घेतलं नाही.

पहिल्या बसनं दोघं निघाली. यवतमाळला गाडी बदलली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं डबा उघडला तसा मेथीचा वास सुटला.

"घ्या ना बाई, मेथीच्या पोया हायेत. तुम्ही काय आणलं?"

लीलाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आम्ही तिकडंच जेवू," किसनराव म्हणाले.

लीलाबाईनं नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की तिकीट विचारायला आलेला कंडक्टर आल्या पावली पुढे निघून गेला, आणि मेथीवाल्या बाईनं डब्याचं झाकण लावलं ते नेरपर्यंत उघडलं नाही.

दोघं गल्लीच्या तोंडाशी पोचली. घरासमोर चपलाच चपला. ओसरीवर चारपाच माणसं डोक्याला दुपट्टे बांधून गप्प बसलेली. मधल्या खुर्चीवर नानाजी, दुपट्ट्यासकट, धडधाकट.

म्हणजे नानाजी नाहीत.

आतून प्रफुल्ल काठी घेऊन बाहेर आला. म्हणजे तोही नाही.

"माय? तू कशी आली?" उज्ज्वला धावत आली.

"खुशी कुठी हाये?"

"आत्ता तं इथंच होती."

"बेसन खाऊन कंटायलं लेकरू," नानाजी म्हणाले. "मले म्हणे, आबाजी, गूळ पाह्यजे."

उज्ज्वलानं आत पाहिलं. सैपाकघराचं दार परवापासून लोटून त्याला पाट टेकवलेला होता. तो पाट सरकलेला होता आणि दाराला हातभर फट पडली होती.

"माय, आत जनावर हाये," ती कुजबुजली. "परवा सिलिंडरमागं गेलं. साप धरणारा येऊन गेला, त्याले सापडलं नाई, आज पुन्हा येतो म्हणे, हे सारे त्याचीच वाट पाहून राह्यले. फोनचा चार्जरबी आतच राह्यला."

लीलाबाईला सगळं, दिवेलागणीला न घेतलेलं नावही, एका दमात समजलं, पण सुटल्यासारखं वाटायला वेळच मिळाला नाही. सगळ्यांच्या आधी ती दारात होती.

खुशी ओट्यावर बसली होती. मांडीत गुळाचा डबा, पाय खाली लोंबकळत. आणि तिच्या पायांखाली, सिलिंडर आणि मोरीच्या मधे, ते बाहेर आलेलं. काळं, मनगटाएवढं जाड. लांबीचं म्हणाल तर त्या दिवशी दोन हात होतं. पुढं सांगता सांगता ते सात हात झालं, पण लीलाबाईला विचाराल तर तेही कमीच. फणा वर होता आणि खुशीचा अंगठा त्याच्यापासून वीतभर.

मागून प्रफुल्ल पुढे सरकला. तिनं हात मागे करून त्याला थोपवलं. मग फोनवर बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"काय खाऊन राह्यली खुशी?"

"आजी! तू कधी आली?" खुशी उतरायला सरसावली.

"बस तिथंच. मांडी घाल पाहू. पाय लोंबकवून कोणी जेवते काय?"

खुशीनं एक पाय वर घेतला.

"दुसरा?"

"त्याले मुंग्या आल्या."

फणा त्या पायाकडे वळला. उज्ज्वलानं तोंडात पदर कोंबला.

"राहू दे मंग, हालवू नको," लीलाबाई म्हणाली. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. "काल काय खाल्लं?"

"बेसन."

"अन् आज सकायी?"

"बेसनच. तू काय खाल्लं आजी?"

कालपासून लीलाबाईच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.

"मी? मी पानगे खाल्ले," ती सांगू लागली. "वांग्याची भाजी, तर्रीवाली. गोयाभात, वरून गरम तेल. मंग कढी. मंग पुरणाची पोयी, तुपात बुडवून."

"एवढं सारं?"

"अजून कुठं झालं? दायभाजी होती. सांडगे होते."

खाली ते थोडं डोललं. लीलाबाई एकेक पदार्थ वाढत राहिली, तिच्या गावात एका लग्नात झाले नसतील इतके. आवाज कुठंही चढू दिला नाही, पडू दिला नाही. खुशी ऐकता ऐकता गुळाचा हात चाटत होती. कधीतरी मुंग्या गेल्या आणि दुसरा पाय आपसूक मांडीखाली आला. खाली फणा मिटला. ते मोरीकडे वळलं, भोकात शिरलं, पण शेपूट काही संपेना. लीलाबाईचे पदार्थ संपले, तेव्हा ती मिठाचं नाव सांगू लागली, लोणच्याचं, पाण्याचंही. शेवटचं टोक आत गेलं तसं प्रफुल्लनं धावत जाऊन भोकात पोत्याचा बोळा ठोसला.

उज्ज्वलानं पोरीला उचललं. लीलाबाई उंबऱ्यावर बसली.

"माय, तुले सांगतलं तरी कोणं? मी तं नाव घेतलं नव्हतं."

"कोणी नाई सांगतलं," लीलाबाईच्या तोंडून निघून गेलं. "बेसन ऐकून मी तं तुह्या सासऱ्याच्या मयतीले आलतो."

नानाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला, घडी करून मांडीवर ठेवला.

"आले तं जेवूनच जा, इहीनबाई," ते म्हणाले.

सैपाकघरात मात्र कोणी पाऊल टाकेना. प्रफुल्लनं अंगणात तीन विटा मांडल्या, तिथंच खिचडी शिजली. सगळे गोलात जेवायला बसले. लीलाबाईनं खुशीला मांडीवर घेतलं होतं आणि डाव्या हातानं तिची दोन्ही पावलं वर धरून ठेवली होती. पोरगी चुळबुळत होती, तरी तिनं ती जमिनीला लागू दिली नाहीत. नानाजी खुर्चीवर बसले होते. त्यांनीही पाय वर घेतले होते.