झाकण बंद, तोंड उघडं

मी लॅपटॉप बोलतोय. दचकू नका. माझ्या बोलण्यामुळेच तर सगळा घोळ झाला.

माझी मालकीण मिनल बेव्हर्ली पार्क नावाच्या वस्तीत राहते. ती मला मांडीवर घेऊन ऑफिसचं काम करते आणि माझ्याच कीबोर्डवर फरसाण सांडते. तिचे पप्पा, उत्तमराव, भीमगीतं गायचे. घशाच्या ऑपरेशनआधी माझ्यासमोर बसून, दम लागेपर्यंत, त्यांनी आठवतील तेवढी गाणी म्हटली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. ती गाणी माझ्याशिवाय दुसरीकडे कुठेच नव्हती. "उद्या कॉपी करते," असं मिनल रोज म्हणायची. हा उद्या मला माझ्या कॅलेंडरमध्ये कधीच सापडला नाही.

शेवटी एका स्टुडिओत गाणी नीट करून घ्यायचं ठरलं. मिनलचे उदयकाका रिक्षा चालवतात, त्यांच्याच रिक्षातून आम्ही निघालो. वाटेत मिनल फोनच्या हॉटस्पॉटवर मला जोडून मेल बघत होती. काशीमीऱ्याच्या नाक्यावर काकांना चहाची तलफ आली.

"लॅपटॉप बंद केलास ना गं?"

"हो काका, केला बंद. मागे डिकीत टाकते."

तिनं केलं होतं फक्त झाकण बंद! आपल्याकडे दार बंद, दुकान बंद, फोन बंद, सगळ्याला एकच शब्द. मी आत जागाच होतो. सकाळी स्पीकरला जोडण्यासाठी लावलेलं ब्लूटूथही चालूच होतं. माझ्या बॅगेवर काकांनी जुनी चादर टाकली आणि दोघं चहाला गेले. बाहेरून कुणाला मी दिसत नव्हतो, पण मी जवळच्या प्रत्येक फोनला सांगत सुटलो होतो: 'मिनल लॅपटॉप'.

एक माणूस उभ्या रिक्षांमधून फिरत होता. नेटवर्क शोधावं तसा फोन समोर धरून. आमच्या रिक्षापाशी तो थांबला. पुढे गेला. परत आला. मला स्वतःचंच तोंड दाबावंसं वाटत होतं, पण ते माझ्या हातात नव्हतं. चादर सरकली, बॅग उचलली गेली.

थोड्याच वेळात मिनलची किंकाळी ऐकू आली. "काका, बॅग नाहीये! पप्पांची गाणी आहेत त्यात!"

तोवर मी शेजारच्या गॅरेजमागे, एका ट्रकच्या आडोशाला होतो. त्या माणसानं झाकण उघडलं. मी पासवर्ड मागितला. त्यानं काहीतरी टाकलं, चुकलं. पुन्हा टाकलं. "सगळं उडवून टाकतो साला," तो पुटपुटला. उत्तमरावांचा आवाज दुसऱ्यांदा जाणार होता.

तेवढ्यात ओळखीचा हॉटस्पॉट आला. अगदी पुसट. मिनल मला शोधत गॅरेजच्या दिशेनं धावत येत होती आणि फोनवरचा हॉटस्पॉट बंद करायला विसरली होती. सवयीप्रमाणे मी त्याला चिकटलो.

"काका, लॅपटॉप माझ्या हॉटस्पॉटला जोडला गेला! इथेच आहे कुठेतरी!"

"अरे भाई, पकडो! गॅरेज के पीछे, ट्रक के पीछे, सब जगह देखो!" काका ओरडले. गॅरेजमधली माणसं पाने हातात घेऊनच धावली. चोरानं मला टाकलं आणि पळाला. माझा एक कोपरा चेपला. मिनलनं मला छातीशी धरलं आणि रस्त्यातच रडली. मलाही रडू येत होतं, पण आमची तशी सोय नाही.

गाणी आता तीन ठिकाणी आहेत. पण दरवेळी नशिबानं हॉटस्पॉट चालू राहणार नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मला नेताना झाकणावर भागवू नका. ब्लूटूथ, वायफाय घालवा, मला पूर्ण बंद करा. आणि चादरीच्या भरवशावर सोडण्यापेक्षा चहालाही सोबत न्या.

परवा मिनल बाहेर निघाली. उत्तमरावांनी तिला हातानं थांबवलं, मला उघडलं, थोडा वेळ स्वतःचं गाणं ऐकलं. मग डोळे पुसून त्यांनी ब्लूटूथ घालवलं आणि मला पूर्ण बंद केलं. ज्यांचा आवाज मी जपतोय, त्यांनीच मला गप्प राहायला शिकवलं.