शिंगरानं पाडलं

त्या उन्हाळ्यात कुरणावर आमचा तंबू ओढ्यापासून बराच वर होता. मी सुकवायचे दह्याचे गोळे वळत होते. तेवढ्यात माझी पाच वर्षांची आयचुरेक धापा टाकत आली.

"आई, ओढ्यापलीकडून शेजारचे झुमाकान काका ओरडले. आजोबांनी शिंगराला पाडलं!"

माझे सासरे सत्तरीतही शिंगरू आडवं पाडून त्याच्या गळ्यात पहिला दोर बांधत. त्यात नवल ते काय? मी गोळे वळत राहिले.

"घोंगडी मागितलीय."

"शिंगराला?"

तिनं जरा विचार केला. "हो. उठत नाहीये ना ते."

आता मी घाबरले. म्हाताऱ्यानं चांगल्या शिंगराचा पाय मोडला की काय! चिडून एक फाटकं घोंगडं उचललं नि पुटपुटत उतरले.

खाली शिंगरू मजेत चरत होतं. सासरे दगडांत पडले होते, चेहरा पांढराफटक. झुमाकान त्यांचा पाय धरून बसला होता.

"वहिनी, किती वेळ! निरोप पोचला नाही?"

"ही म्हणाली, आजोबांनी शिंगराला पाडलं."

"अहो, शिंगरानं आजोबांना! मी काय तोंडात दगड धरून ओरडलो?"

"तसंच तर सांगितलं मी!" आयचुरेक रडायलाच लागली.

सासऱ्यांना जीपमधून दवाखान्यात नेलं. घोटा मोडला होता. प्लास्टर घालून ते परत आले.

दोन दिवसांनी मी आयचुरेकच्या खेळातली मेंढीची दोन हाडं घेतली. "हे कोकरू, हा लांडगा. कोकरू लांडग्याच्या मागे लागलं. दाखव."

तिनं लांडग्याला कोकराच्या मागे पळवलं.

"मी काय म्हणाले?"

"कोकरू लांडग्याच्या मागे लागलं." शब्दन् शब्द बरोबर.

"मग कोण कुणाच्या मागे?"

"लांडगा!" मला काहीच कळत नाही, असं तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोकरू कसं लागेल?"

सासरे पडल्या पडल्या हसले. "पोरीला कशाला बोलतेस? मला पाडलं तरी मलाच अजून पटत नाही."

ती लहान आहे. पण घोंगडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शिंगरूच का आलं, ते मला अजून उलगडलेलं नाही.