जाळीवरचा रुमाल

दोन हजार सहाच्या मे महिन्यात अनिरुद्ध वकिलांची गाडी तिसऱ्यांदा वसमतला माझ्या गॅरेजात आली. तक्रार तीच. आकडा बावीसवर ठेवला तरी एसी गरम हवा फेकतो. गॅस बराबर, पट्टा बराबर, कॉम्प्रेसर चालू. बटणं दाबून गाडीलाच विचारलं, तर तिनंही काही दोष सांगितला नाही. उन्हानं अंग आधीच आंबलं होतं, त्यात हे. डोकं फिरलं माझं.

शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. स्टिअरिंगशेजारी एक बारीक जाळी असते. आत किती गरम आहे, ते तिच्यामागचा सेन्सर मोजतो. जाळी ओली होती.

"थावरा, इथं काय लावतोस रे?" मी वकिलांच्या ड्रायव्हरला विचारलं.

"ओला रुमाल. साहेब चावी घेऊन कोर्टात जातात. गाडी सोडून हलायचं न्हाई म्हणतात. चार-चार तास आतच बसून राहतो. तोंड पुसून तिथं लटकवतो. निघतानाबी तसाच राहतो."

ओल्या रुमालामुळं गाडीला वाटत होतं, आत थंडच आहे, म्हणून ती उलट गरम हवा सोडायची. मी जाळी पुसून वाळवली. गार हवा सुटली.

तेवढ्यात वकिलांचा फोन आला. "एवढी महागाची गाडी, अन् आत माणूस घामानं भिजून राहिला, हे तिला कळत नाही का?"

थावराच्या पाठीला शर्ट चिकटला होता.

"गाडीला कळतंय आता, साहेब," मी म्हणालो आणि फोन ठेवला.