रुमाल ठेवलेली जागा

मी धागा बोलतोय. सुईत ओवायचा नाही, बटण लावायचा तर मुळीच नाही. पुस्तकं वाचणारी माणसं एका संकेतस्थळावर जमून गप्पा मारतात. कुणीतरी एक विषय काढतं आणि बाकीचे त्याखाली आपापलं म्हणणं लिहीत जातात. त्या सगळ्या लांबलचक बोलण्याला तिथली मंडळी धागा म्हणतात. मी त्यातलाच एक.

मला डोळे नाहीत, पण लिहिण्यावरून माणूस कळतो. जिन्यात उभं राहून लिहिणाऱ्याचे अनुस्वार गळतात. साहेबांची नजर चुकवून लिहिणारा वाक्य अर्धवट सोडून पळतो. जेवण झाल्यावर पाय पसरून लिहिणारा नमनालाच घडाभर तेल घालतो. इथे खरं नाव कुणी सांगत नाही. सगळे टोपणनावानं वावरतात आणि त्या नावानंच एकमेकांना जीव लावतात, रुसतात, भांडतात.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात झाला. तिथे डोळ्यांचे नंबर तपासणारी एक बाई होती, तिचं टोपणनाव ‘कोपऱ्यातली’. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. समोर अक्षरांचा तक्ता, बाजूला फ्रेमा मांडलेला आरसा, आणि मध्ये बसून तिनं मला लिहिलं. माझं शीर्षक होतं, ‘या पुस्तकाचा शेवट कुणाला माहीत आहे का?’

तिनं लिहिलं होतं, “आईला आता दिसत नाही. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावते, आईच्या डोळ्यांवर मात्र इलाज नाही. म्हणून संध्याकाळी मी तिला वाचून दाखवते. लहानपणी ती आणि मावशी एक जुनी कादंबरी आळीपाळीनं वाचायच्या. ती प्रत अजून घरात आहे. पुठ्ठे गेलेत, नावाचं पान गेलंय, शेवटची पानंही फाटलीत. दोन बहिणी पुलापाशी प्रवाशांसाठी घर चालवत असतात. भांडण होऊन थोरली निघून जाते. त्यानंतर पूरही येतो, पण धाकटी रोज तिचं ताट मांडते. आमच्या प्रतीत शेवटची ओळ अशी आहे: कडी वाजली आणि धाकटीनं दिवा उचलला. पुढे काही नाही. आईला शेवट आठवत नाही, विचारतेय, थोरली परत येते का? तिची तब्येत फार खालावलीय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तिला एवढं एक कळायला हवंय.”

मी नवा होतो, कोवळा होतो. वाटलं, संध्याकाळपर्यंत उत्तर येईल आणि माझं काम संपेल.

पहिले प्रतिसाद नेहमीसारखे आले. “मलाही उत्सुकता आहे.” “वाचतोय.” ‘मुंगी’ नावाची एक मुलगी होती, तिनं नुसतं ‘+१’, म्हणजे माझंही तेच, असं लिहिलं. ती सगळीकडे तेवढंच लिहायची, पण न चुकता लिहायची.

मग ‘तळटीप’ आले. हे गृहस्थ सेवानिवृत्त होते आणि नावाला जागणारे होते. कुणी सनावळी चुकवली की हे हजर. पान क्रमांक दिल्याशिवाय यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. त्यांनी लिहिलं, “ही कादंबरी मी वाचली आहे. शेवट आठवतो असं वाटतं, पण नुसत्या वाटण्यावर मी लिहीत नाही. पुस्तक घरातच माळ्यावर आहे. काढून, बघून सांगतो. तोवर इथे रुमाल ठेवतो.”

गर्दीच्या गाडीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. तशी इथली माणसंही जागा धरतात. ‘रुमाल ठेवतो’ म्हणजे आत्ता सवड नाही, पण मी परत येऊन लिहिणार आहे. काही रुमाल उचलले जातात. बरेचसे तसेच धूळ खात पडतात, हेही खरं.

कोपऱ्यातलीनं लगेच लिहिलं, “खूप खूप आभार. आईला आत्ताच सांगते.”

संध्याकाळ झाली, तळटीप आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रिकाम्या जागेत गप्पा शिरायला कितीसा वेळ लागतो? एकानं म्हटलं की शेवट असा उघड सांगणं बरं नाही, ज्यांना वाचायचंय त्यांचा हिरमोड होतो. दुसरा म्हणाला, मरणाच्या दारातल्या बाईला कसला आलाय हिरमोड. तिथून गाडी घसरली ती पुस्तकाची पानं दुमडावीत की नाही यावर गेली. मग वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत न करणारा चोर की रसिक, यावर. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच. मी स्वतःच सूत, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मध्येच कोपऱ्यातली यायची. “अवांतर चालू द्या, मला राग नाही. फक्त तळटीप कुणाला दिसले तर सांगा. आई रोज विचारते.”

‘करवत’ नावाचा एक गडी होता. छापखान्यात कागद कापायचं यंत्र चालवायचा आणि जीभही तशीच चालवायचा. मनानं वाईट नव्हता, पण विनोद सुचला की आवरायचा नाही. त्यानं लिहिलं, “तळटीपराव माळ्यावरच राहायला गेले वाटतं. कुणीतरी खालून शिडी काढून घेतली असावी.”

त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. “हाहाहा.” “माळ्यावर जेवण पाठवा.” मुंगीनंही ‘+१’ टाकला. मी ते सगळं अंगावर घेतलं. माझ्यावर जे लिहितात ते मला नाकारता येत नाही.

मग नवे धागे आले आणि मी खाली गेलो. इथला नियम साधा आहे. ज्यावर कुणी लिहील तो वर, बाकीचे तळाला. तळाशी अंधार वगैरे नसतो, फक्त कुणी येत नाही. अधूनमधून मुंगी यायची आणि ‘वर काढतेय’ एवढंच लिहून जायची. तेवढ्यानं मी पुन्हा सगळ्यांच्या नजरेसमोर यायचो. एका शब्दाची मुलगी, पण तिच्यामुळे मी जिवंत राहिलो.

एकदा वर आलो तेव्हा करवतच म्हणाला, “तळटीप काही येत नाहीत. आपणच शेवट लिहू या का? काकूंना ऐकवता तरी येईल.”

आणि लोकांनी खरंच लिहिले. मालवाहू बोटीवरच्या एका स्वयंपाक्यानं लिहिलं की थोरली आत येते आणि काही न बोलता थेट जेवायला बसते. एका शिक्षिकेनं थोरलीला म्हातारी करून आणली, धाकटी तिला ओळखतच नाही. करवतनं लिहिलं की दारात घर विकत घ्यायला आलेला व्यापारी असतो आणि धाकटी त्यालाच ते ताट वाढते. हे त्यानंच लिहिलं यावर माझा आधी विश्वास बसला नाही.

कोपऱ्यातलीनं कळवलं, “सगळे शेवट वाचून दाखवले. आमची खोली धोबीखान्यावर आहे, इस्त्रीची वाफ खिडकीतून वर येते. त्या वाफेत बसून आईनं एकेक शेवट दोनदा ऐकला. म्हणाली, ‘लोक किती मनापासून खोटं बोलतात गं. त्या स्वयंपाक्याला म्हणावं, तुझं छान आहे. पण मला खरं काय झालं ते हवंय.’”

मला त्या बाईंचं बरोबर वाटलं. नुसतं बरं वाटावं म्हणून विचारलेला प्रश्न नव्हता तो.

तेव्हा मुंगीनं पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य लिहिलं. “मावशींना विचारलंत का? त्यांनीही वाचलं होतं ना?”

कोपऱ्यातलीचं उत्तर आलं. “आई आणि मावशी बोलत नाहीत. आजीच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून बिनसलं. मावशी दुसऱ्या गावी राहायला गेली, त्याला वर्षं झाली. मावशी थोरली, आई धाकटी. आईला कादंबरीच्या आडून कुणाबद्दल विचारायचं आहे ते मला कळत नाही असं नाही. पण मी फोन केला आणि मावशी नाही म्हणाली, तर आईला काय सांगू?”

कुणी विनोद केला नाही. बोटीवरचा स्वयंपाकी म्हणाला, “नाही म्हणाली तर सांगू नका. पण विचारून तर बघा, ताई.”

“बघते,” असं लिहून ती गेली. त्यानंतर मुंगीनं मला किती वेळा वर काढलं, पण कोपऱ्यातलीची ओळ उमटली नाही. शेवटी मुंगीही दमली. मी पार तळाला गेलो. बाकीच्या धाग्यांवर गप्पा चालू होत्या, त्यांचा गलबला तेवढा जाणवत असे.

आणि एक दिवस, कुणी वर न काढता, मी वर आलो. लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘तळटीप’.

“नमस्कार. हे बाबांचं खातं आहे, मी त्यांची मुलगी. बाबा गेले. त्यांचा संगणक आवरताना हे पान उघडं सापडलं आणि मला एका गोष्टीचा उलगडा झाला. इथे रुमाल ठेवला त्या दिवशी दुपारी बाबा स्टुलावर चढून माळ्यावरून पुस्तक काढत होते. पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. बोलणं अडखळायला लागलं, पण एकच सारखं म्हणायचे, ‘कोपऱ्यातलीला सांगायचं राहिलं.’ आम्हाला कळेना. आम्ही रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंना बोलावून आणलं. त्या बिचाऱ्या येऊन बाबांचा हात धरून बसल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग आम्ही घरातले कोपरे शोधले, कपाटाच्या मागे पाहिलं. तुमचं नाव असं आहे हे आज कळलं.

“पडले तेव्हा पुस्तक त्यांच्या हातात होतं. ते मी आत्ता समोर घेऊन बसले आहे. तुमच्या प्रतीतली फाटलेली पानं गोष्टीची नाहीत, ताई. पुस्तक तिथेच संपतं. कडी वाजते, धाकटी दिवा उचलते, आणि पान उलटलं की नुसतं ‘समाप्त’ असं आहे. पान एकशे ब्याण्णव. बाबा असते तर त्यांनी पान क्रमांक दिला असता, म्हणून दिला. त्याच्या पुढची पानं प्रकाशकाच्या जाहिरातींची आहेत. उशीर झाला, क्षमा करा.”



पहिला आला तो करवत. त्यानं व्यवस्थापकाला विनंती केली की माळ्याचा तो प्रतिसाद काढून टाका. व्यवस्थापकानं सांगितलं की खाली इतर प्रतिसाद आले की वरचा काढता येत नाही, नियम सगळ्यांना सारखा. तेव्हा करवतनं लिहिलं, “मग हेही त्याखाली राहू दे. तो विनोद मी केला होता. ते पुस्तक काढायला गेले होते आणि मी हसत होतो. मला लाज वाटते. ताई, माफ करा.” मुंगीनं त्याखाली लिहिलं, “मीसुद्धा.”

मुलीनं उत्तर दिलं, “बाबांनी वाचलं असतं तर ते हसले असते. मग शिडीतली पहिली वेलांटी तपासली असती.” ती मोठ्या मनाची होती. तरीही ते शब्द माझ्या अंगावर आहेत आणि मला ते दुखतात.

कोपऱ्यातली दुसऱ्या दिवशी आली. दुपारचीच वेळ, माझ्या जन्माची. तिनं जे लिहिलं ते मी जसंच्या तसं जपलंय.

“आई गेली. इथे कळवायचं राहून गेलं, हात उचलत नव्हता. पण तळटीपकाकांच्या लेकीला उत्तर न देणं बरं दिसणार नाही.

“मी मावशीला फोन केला होता. तिला फक्त पुस्तकाचं विचारलं. ती म्हणाली, ‘फोनवर काय सांगायचं, येते मी.’ आली. दारात चपला काढता काढताच बोलायला सुरुवात केली. ‘अजून त्यातच अडकलीस का गं तू? थोरली परत येत नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं तुला. पूल वाहून गेलेला, येणार कुठून ती?’

“आई उशीला टेकून बसली होती. आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि म्हणाली, ‘आली की.’

“मावशीच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. मग ती आईजवळ जाऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथेच होती. शेवटाबद्दल आईनं पुन्हा कधी विचारलं नाही. काकांच्या पुस्तकातलं मात्र मी आता मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘समाप्त लिहिलंय? काय मेली चालूगिरी.’ आणि खूप रडली.

“काकांचा रुमाल मी उचलणार नाही. त्यांची जागा त्यांचीच राहू दे.”

तेव्हापासून ती जागा तशीच आहे. आता संकेतस्थळाचे चालक जुने धागे बंद करणार आहेत. वाचता येईल, लिहिता येणार नाही. माझी तक्रार नाही, माझं बोलून झालंय. शेवटच्या दिवशी मुंगी आली आणि सवयीनं ‘वर काढतेय’ लिहून गेली.

तुम्हीही कुठे ना कुठे गप्पा मारत असाल. रुमाल ठेवलात तर परत या, कुणीतरी आपल्या आईला सांगून बसलेलं असतं. आणि ठेवून गेलेला आला नाही, तर हसण्याआधी त्याची एकदा चौकशी करून बघा. कदाचित त्या घरात लोक अजून कोपरे शोधत असतील.